वर येण्याचा हिशेब

पावसाळा आहे, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या आहेत आणि कॉम्प्रेसरवर ताडपत्री पडली आहे, म्हणूनच एवढे इन्स्ट्रक्टर आज एका छताखाली सापडले. अशा संमेलनात अध्यक्षाने समुद्राच्या निळाईवर बोलायचा प्रघात आहे. तो आज मोडायचा आहे. विषय आहे पाण्यातून वर येण्याचा.

आधी एक घोटाळा दूर केलेला बरा. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास जो पर्यटक इन्स्ट्रक्टरचा हात धरून पाच-सहा मीटरवर मासे बघून येतो, त्याला डीकम्प्रेशनचा धोका जवळजवळ नसतो. त्याचा खरा शत्रू म्हणजे रोखलेला श्वास. दहा मीटरवर घेतलेली हवा पृष्ठभागावर येईपर्यंत दुप्पट जागा मागते आणि ती जागा फुप्फुसात नसते. घाबरलेला माणूस नेमका तिथेच श्वास कोंडून धरतो. (तोच पर्यटक खूश होऊन अंगठा वर करतो, पाण्याखाली त्याचा अर्थ ‘वर चला’ असा असल्यामुळे इन्स्ट्रक्टर त्याला वर आणतो, आणि मग पैशांवरून वाद होतो. हा प्रसंग इथल्या प्रत्येकाने अनुभवलेला असणार.)

काळजी आहे ती दुसऱ्याची. चार डाइव्ह करून ज्याच्या हाती नुकतंच डाइव्हरचं कार्ड आलं आहे, अठरा मीटरची मुभा मिळाली आहे आणि आता नेत्राणी किंवा अंदमानची तिकिटं निघाली आहेत, त्याची. सगळे कान मोकळे करत खाली कसे गेले, हे तो रंगवून सांगतो. किती मिनिटं राहायचं ठरलं होतं असं विचारलं की म्हणतो, “डाइव्ह मास्टर होता ना पुढे.”

मिनिटं का मोजायची हे समजावताना इन्स्ट्रक्टर त्याला सोड्याच्या बाटलीची उपमा देतात. दाबाखाली नायट्रोजन रक्तात आणि मांसात विरघळतो, दाब एकदम उतरला की त्याचे बुडबुडे होतात. उपमा खरी आहे, पण अपुरी. गोटी दाबली की सोडा तिथल्या तिथे फसफसतो. शरीर कधी कधी तासन्‌तास थांबतं. खांदा दुखतो तेव्हा डाइव्हर जेवून उठलेला असतो आणि म्हणतो, टाक्या उचलल्या त्याचं हे. बोटांना मुंग्या येतात, अंगाला खाज सुटते, वाजवीपेक्षा जास्त थकवा येतो. त्यावर झोप हे औषध ठरतं. द्यायला हवा असतो शुद्ध ऑक्सिजन, आणि फोन करायला हवा असतो डॉक्टरला.

बुडबुडे टाळून वर कसं यायचं, हे गणित माणसाला शेळ्यांनी शिकवलं. जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाने ब्रिटिश नौदलासाठी लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधल्या पोलादी टाकीत शेळ्यांना दाबाखाली ठेवलं आणि दाब कमी करून निरीक्षण केलं. शेळी दुखणं सांगू शकत नाही. ती पुढचा एक पाय दुमडून वर धरते आणि तशीच उभी राहते. त्या उचललेल्या पायांवरून दिसलं की दाब निम्म्यावर आणला तर जनावराला सहसा काही होत नाही. म्हणून निम्म्यापर्यंत लवकर यायचं, मग टप्प्याटप्प्याने थांबत. १९०८ साली बॉयकॉट आणि डॅमंट यांच्यासह त्याने हे प्रसिद्ध केलं. हॉल्डेनने शरीराचे पाच काल्पनिक कप्पे मानले होते; झुरिकच्या ब्यूलमानने ते सोळावर नेले, आणि आज मनगटावरचे कितीतरी कॉम्प्युटर त्याच वाटेने चालतात.

कॉम्प्युटरला खोली कळते, वेळ कळते. काल रात्री किती बिअर झाली, सकाळी पाणी प्यायलं का, हे कळत नाही. मर्यादा पाळूनही बेंड्स, म्हणजे हाच बुडबुड्यांचा आजार, झालेले डाइव्हर आहेत. शिवाय आकडे मनातल्या अंदाजाप्रमाणे चालत नाहीत. एका प्रचलित तक्त्यात १८ मीटरला ५६ मिनिटं मिळतात, ३० मीटरला फक्त २०. हवेचंही तसंच. बारा लिटरच्या टाकीत ५० बार उरले म्हणजे ६०० लिटर हवा. पृष्ठभागावर मिनिटाला वीस लिटर ओढणारा माणूस ३० मीटरवर ऐंशी ओढतो. म्हणजे साडेसात मिनिटं, तीही तो शांत असेल तर. मिनिटाला नऊ मीटरच्या वेगाने वर यायला तीन मिनिटांहून थोडी जास्त, पाच मीटरवर सेफ्टी स्टॉपची आणखी तीन. नवखा ५० बारचा काटा तळाशी बघतो तेव्हा हा हिशेब मांडायची वेळ टळून गेलेली असते. तो होडीतच, वेट बेल्ट बांधायच्या आधी, पाटीवर लिहायचा असतो.

आणि तो होडीवर परतल्यावर संपतही नाही. विमानाचं बहुतेकांना ठाऊक आहे: एका साध्या डाइव्हनंतर किमान बारा तास, अनेक डाइव्ह झाल्या असतील तर अठरा. पण हे अंतर ज्या उंचीसाठी सांगितलं आहे ती साधारण ६०० मीटरपासून सुरू होते, आणि घाटमाथ्यावरची आंबोली तिच्याही वर आहे. गोव्यात किंवा मालवणात दोन दिवस खोल डाइव्ह करून संध्याकाळी घाट चढणारा पुणेकर, बेळगावकर स्वतःला जमिनीवरच समजतो. गाडीच्या काचेबाहेर दाब उतरत असतो.

तेव्हा यंदा हंगाम सुरू होईल तेव्हा होडीतल्या पाटीवर खोली, वेळ आणि परतीचे बार यांच्याखाली आणखी एक ओळ असू द्या: गाडी किती वाजता? दुसरी डाइव्ह तीनला संपणार आणि कोल्हापूरची गाडी पाचला सुटणार असेल, तर दुसरी डाइव्ह रद्द करा, नाहीतर तिकीट दुसऱ्या दिवशीचं काढायला लावा. मालवणात एक रात्र जास्त काढावी लागली म्हणून तक्रार करणारा पाहुणा अजून तरी कुणाच्या ऐकिवात नाही. आणि सकाळच्या लिलावात ताजा बांगडा असतोच.