भोजपूरचे पाषाण आणि ‘लीलावती’तील कर्ण



भोपाळपासून तीसेक किलोमीटरवर, बेतवेच्या काठी भोजपूरचे अपूर्ण शिवमंदिर आहे. अकराव्या शतकातील परमार राजा भोज याच्या नावाशी ते निगडित आहे. सहलीला जाणारे बहुतेक जण तेथील प्रचंड शिवलिंग पाहून परततात. भोवतालच्या खडकांवर सूत्रधारांनी कोरलेल्या आराखड्यांपाशी थोडेच थांबतात. मंदिराचा तलविन्यास चौरस आहे. चारही बाजू समान आखल्यावर कोपरे काटकोनात आले की नाही, हे दोन्ही कर्णांना दोरी लावून पारखता येते. दोरीला कर्ण सहज सापडतो, अंकांना मात्र नाही. बाजू पूर्णांकात असली, तर चौरसाचा कर्ण पूर्णांकात वा अपूर्णांकात कधीच नेमका मांडता येत नाही.

या भोजाचे नाव महाराष्ट्रातील गणिताशीही जोडलेले आहे. चाळीसगावजवळील पाटण येथील १२०७ सालच्या शिलालेखात भास्कराचार्यांची वंशावळ आहे. त्यांचे पूर्वज भास्करभट्ट यांना भोजराजाने ‘विद्यापती’ ही पदवी दिली, असे तीत म्हटले आहे. आचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंदही तेथेच आहे. ग्रंथालयाच्या शताब्दीत त्या मठाचे स्मरण अप्रस्तुत ठरू नये!

‘लीलावती’ ११५० च्या सुमाराची. तीतील मोडलेल्या वेळूचे उदाहरण सुपरिचित आहे. ३२ हात उंच वेळू वाऱ्याने मोडला आणि त्याचा शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर टेकला. तर तो किती उंचीवर मोडला? १६ चा वर्ग २५६. त्यास ३२ ने भागता ८. ३२ मधून ८ वजा करून निम्मे केले की १२ हात. उरलेला २० हातांचा तुकडा हा कर्ण. १२ आणि १६ यांच्या वर्गांची बेरीज ४००, तिचे मूळ बरोबर २०. सारे कसे सुरेख जुळते.

परंतु आचार्यांचा खरा मोठेपणा जेथे जुळत नाही तेथे दिसतो. दोन्ही भुजा सव्वातीन असलेला काटकोन त्रिकोण त्यांनी मुद्दाम घेतला. कर्णाचा वर्ग येतो १६९ छेद ८, आणि त्यास नेमके मूळ नाही. मग अंश व छेद यांचा गुणाकार १३५२ घेऊन त्यास १०० च्या वर्गाने, म्हणजे १०,००० ने गुणावे. आलेल्या १,३५,२०,००० चे जवळचे मूळ ३६७७. त्यास १०० गुणिले ८, म्हणजे ८०० ने भागले की कर्ण ४ पूर्णांक ४७७ छेद ८००. एकक हात धरल्यास चूक हाताच्या सतरा हजाराव्या भागाहूनही कमी! १०० ऐवजी १० चाच वर्ग घेतला असता, तर ३६८ छेद ८०, म्हणजे ४.६ वर थांबावे लागले असते. गुणक जितका मोठा, तितके मूळ जवळ. म्हणूनच नियमात मोठा वर्ग घेण्यास सांगितले आहे, आणि येणाऱ्या मुळाला आचार्यांनी ‘निकट’ म्हटले आहे, नेमके नव्हे.