शेजारची हाक
(हीरक महोत्सवी समारंभातील व्याख्यान)



मी तंजावरला जीवशास्त्र शिकवते. तेथील सरस्वती महाल ग्रंथालयात सरफोजी राजे दुसरे यांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या नोंदी आणि डोळ्यांची रंगीत चित्रे जपून ठेवलेली आहेत. डोळ्यात काय बिघडले, हे ती चित्रे सांगतात. माझ्या मनात मात्र त्याआधीचा प्रश्न येतो : डोळा घडतो कसा? सारख्याच दिसणाऱ्या पेशींपैकी एकीने प्रकाश टिपावा आणि दुसरीने भिंग घडवावे, हे ठरवते कोण?

या प्रश्नाचे एक सुंदर उत्तर पिकल्या केळ्यांवर घोंगावणाऱ्या फळमाशीने दिले आहे. तिचा एकेक डोळा सुमारे ८०० नेत्रिकांचा असतो. प्रत्येक नेत्रिकेत प्रकाश टिपणाऱ्या ८ पेशी असतात आणि भिंग घडवणाऱ्या ४. अमेरिकेतील सेमूर बेन्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली दाखवून दिले, की एका नेत्रिकेतील पेशी एकाच मातृपेशीच्या लेकी असाव्यात असे बंधन नाही. त्यांचे काम कुळावरून ठरत नाही, शेजारावरून ठरते.

अळीच्या शरीरात डोळा घडू लागतो, तेव्हा आठव्या क्रमांकाची पेशी सर्वांत आधी निश्चित होते. तिच्याभोवती इतर पेशी जोडीजोडीने सामील होतात. अतिनील प्रकाश टिपणारी सातवी पेशी सर्वांत शेवटी येते. आठवीच्या पृष्ठभागावर एक प्रथिन असते, ती हाक. सातवीच्या पृष्ठभागावर ती हाक ओळखणारे दुसरे प्रथिन असते, तो कान. दोघी एकमेकींना टेकलेल्या असतात, म्हणूनच निरोप पोहोचतो. हाक नसेल, तर सातवी होऊ घातलेली पेशी भिंग घडवणाऱ्यांत जाऊन मिळते. हाक आहे पण कान नाही, तरीही तेच घडते. अशी माशी दिसायला धडधाकट असते. अतिनील प्रकाशाची तिची ओढ मात्र हरपलेली असते.

सरफोजी राजे हे तुळजाजी राजांचे दत्तक पुत्र. गादीच्या वादात सापडलेल्या या मुलाच्या शिक्षणाची काळजी श्वार्ट्झ या जर्मन धर्मोपदेशकाने वाहिली. १७९८ साली श्वार्ट्झ वारले आणि त्याच वर्षी सरफोजी गादीवर आले. तंजावरच्या चर्चमध्ये एक संगमरवरी शिल्प आहे : मृत्युशय्येवर गुरू आणि शेजारी शिष्य. ते पाहताना मला सातवी आणि आठवी पेशी आठवतात.

“आमच्या घरात कुणी शिकलेले नाही, मुलाला विज्ञान कसे झेपणार?” असे पालक विचारतात. माझ्या आईनेही याच शाळेत हे विचारले होते. बाईंनी उत्तर दिले नाही; दुसऱ्या दिवशी मला सूक्ष्मदर्शकाशेजारी बसवले. कांद्याच्या पापुद्र्यातील पेशी मी तेथे प्रथम पाहिल्या.

मूल म्हणजे पेशी नव्हे, याची मला जाणीव आहे. पेशीची घटका एकदाच येते. ती टळली की वाट बदलते. माणसाला दुसऱ्यांदा, दहाव्यांदाही हाक मारता येते. मात्र त्यासाठी कुणीतरी अगदी जवळ असावे लागते. साठ वर्षे ही शाळा तशी जवळ राहिली. आता शेजारी बसण्याची पाळी आपली आहे.