श्वासाची मजुरी



या व्यासपीठावरून मोठमोठी विद्वान मंडळी बोलून गेली आहेत. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे युनियनच्या कचेरीत, सार्वजनिक वाचनालयात आणि इस्पितळाच्या बाकावर झाले. तेव्हा श्वसनाच्या विषयावर आम्ही वैद्याच्या अधिकाराने बोलू शकत नाही. पण श्वास घेणे हे एक काम आहे, आणि कामाचा हिशेब मागणे हा तर आमचा नित्याचा उद्योग. त्या नात्याने आज चार शब्द बोलतो.

हे काम चालते कसे, ते आधी पाहू. हवा ओढून घेतील असे स्नायू फुप्फुसाला स्वतःचे नाहीत. छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल नावाचा स्नायूचा पडदा असतो. तो आकसून खाली सरकतो, बरगड्या वर उचलल्या जातात, छातीची पोकळी वाढते, आतला दाब किंचित उतरतो आणि हवा आत येते; लोहाराचा भाता उघडावा तशी. स्वस्थ बसलेल्या माणसाला उच्छ्वासासाठी कष्ट पडत नाहीत. ताणलेले फुप्फुस रबरासारखे पूर्वपदावर येते. एका श्वासाला सुमारे अर्धा लिटर हवा, मिनिटाला चौदा श्वास, म्हणजे दिवसाला वीस हजार खेपा आणि दहा हजार लिटर हवा! एवढ्या कामाला निरोगी शरीर आपल्या प्राणवायूच्या खर्चातले शेकडा दोनतीन भागच देते. मजुरी इतकी स्वस्त, की मजूर राबतो आहे हेच ध्यानात येत नाही.

रोग झाला की मजुरी वाढते, आणि ती दोन तऱ्हांनी. दगडखाणीतल्या सिलिकाच्या धुळीने फुप्फुस ताठ होते. भाता उघडायलाच जोर लागतो. दम्यासारख्या रोगात श्वासनळ्या अरुंद होतात. नळीची रुंदी निम्मी झाली तर संथ वाहणाऱ्या हवेला होणारा अडथळा दुप्पट नव्हे, सोळापट होतो. अशा माणसाच्या प्राणवायूचा पाव हिस्सासुद्धा कधी नुसत्या श्वासावर खर्ची पडतो. पगार आणायला जाण्यातच पाव पगार संपावा, तशी त्याची गत.

आमचे वडील मुंबईच्या एका कापड गिरणीत पिंजणखात्यात होते. साप्ताहिक सुटीनंतर कामावर गेले, की त्या दिवशी छातीवर दगड ठेवल्यासारखे त्यांना होई. पुढच्या दिवसांत ते हलके होई. "कामाला लागलो की बरं वाटतं," असे ते म्हणत. दवाखान्यात दर वेळी एकच उत्तर मिळे: "विडी सोडा." त्यांनी विडी सोडली, धाप सुटली नाही.

पुढे आमच्या वाचनात आले, की हीच तक्रार लँकेशायरच्या गिरण्यांत रिचर्ड शिलिंग या डॉक्टरांनी १९५० नंतरच्या दशकात नोंदली होती. तेथे रविवारची सुटी, म्हणून छाती सोमवारी आवळे. या रोगाचे नाव बिसिनोसिस. कापसाच्या धुळीबरोबर जंतूंचे विष छातीत जाते. सुटीनंतर ते अधिक झोंबते, मग शरीर काहीसे सरावते. वर्षे लोटली की धाप रोजचीच होते, आणि मग ती विडीची की गिरणीची, हे सांगणे कठीण होऊन बसते.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. वडिलांची गिरणी त्यांच्यासाठी पुन्हा उघडली नाही. बारा वर्षांनी त्यांना इस्पितळात श्वासयंत्रावर ठेवले. यंत्र संथ चालले होते. आम्ही कळवळून म्हणालो, "डॉक्टरसाहेब, वेग वाढवा ना!" त्या तरुण डॉक्टरांनी कागदावर नळ्या काढून दाखवल्या. म्हणाले, "हवा आत घालणं सोपं आहे. अरुंद नळ्यांतून ती बाहेर पडायला वेळ लागतो. त्याआधीच दुसरा श्वास ढकलला, तर हवा साचत जाईल, छाती फुगेल आणि हृदयाकडे परतणारं रक्त अडेल." नवव्या दिवशी वडील गेले. पण त्या कागदाने आम्हाला वाचायला लावले.

या यंत्राचा इतिहास हातांपासून सुरू होतो. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण ब्लेगडाम इस्पितळात रोज येत, आणि लोखंडी फुप्फुस होते एकच. सुरुवातीच्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने गळ्याला छिद्र पाडून, नळी घालून, रबरी पिशवी हाताने दाबून हवा देण्याचा मार्ग दाखवला. सुमारे पंधराशे विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, रात्रंदिवस, महिनोन्‌महिने पिशव्या दाबल्या. पूर्वी अशा शंभर रुग्णांत ८७ मरत. साथीच्या अखेरीस हे प्रमाण २५ च्या आसपास आले. एकाचा श्वास दुसऱ्याने पाळी लावून चालवला! संघटनेचा याहून मोठा पाठ आम्हाला माहीत नाही.

मात्र शरीर हवा ओढते, तर हे यंत्र ती ढकलते, आणि ढकलण्याला मर्यादा आहे. तीव्र दाहाने फुप्फुस पाण्याने भरते, तेव्हा त्याचा थोडाच भाग कामाचा उरतो. पूर्ण श्वासाचा भार त्या थोड्यावर टाकला तर तोही फाटतो. दोन साच्यांच्या माणसाला चार साचे दिल्यावर काय होते, ते आपल्याला ठाऊक आहे! अमेरिकेत ८६१ रुग्णांवर याची परीक्षा झाली; निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाला. उंचीवरून काढलेल्या वजनाच्या दर किलोला १२ मिलिलिटर हवा दिलेल्यांत शेकडा ३९.८ मेले, ६ मिलिलिटर दिलेल्यांत ३१. यंत्र तेच, भार निम्मा केला आणि माणसे वाचली.

यंत्र वेळ मिळवून देते, झिजलेले फुप्फुस परत देत नाही. म्हणून खरा हिशेब इस्पितळाच्या आधी, कारखान्याच्या दारात व्हायला हवा. वडिलांच्या पश्चात आम्ही भरपाईचा अर्ज केला, तेव्हा पहिला प्रश्न आला: "फुप्फुसाची मोजणी कुठे आहे?" १९२३ च्या भरपाई कायद्याच्या अनुसूचीत रोगाचे नाव होते, आमच्या हाती कागद नव्हता. त्यांच्या साऱ्या नोकरीत कोणी एकदाही छाती मोजली नव्हती.

मोजण्याचे साधन, स्पायरोमीटर, जॉन हचिन्सन यांनी १८४६ सालीच जगापुढे मांडले होते. खोल श्वास घेऊन जोराने फुंकायचे. निरोगी तरुण माणूस पहिल्या सेकंदात तीन चतुर्थांशाहून अधिक हवा बाहेर टाकतो. नळ्या आवळल्या की आकडा घसरतो. अमेरिकेने १९७८ च्या नियमात सूत काढणाऱ्या गिरण्यांसाठी धुळीची मर्यादा घनमीटरला ०.२ मिलिग्रॅम ठरवली, आणि कामगाराची फुंक आठवड्याच्या पहिल्या दिवशी, कामाआधी आणि काही तासांनी पुन्हा, मोजण्याचे बंधन घातले. मालकांनी दावा लावला. १९८१ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने नियम उचलून धरला. आमचे वडील जे वर्षानुवर्षे सांगत होते, ते तिथे कायद्याचे कलम झाले!

आज सूतगिरण्यांत आमची मागणी एवढीच आहे: भरतीच्या दिवशी एकदा, आणि मग दर वर्षी सुटीनंतरच्या पहिल्या पाळीला आधी व नंतर फुंक मोजा, आणि आकड्याची एक प्रत कामगाराच्या हाती द्या. हे साधन आता एका पिशवीत मावते. या सभेत जे डॉक्टर असतील, त्यांनी एका सुटीच्या दुसऱ्या दिवशी आमच्याबरोबर गिरणीच्या दारात यावे. माणसे रांगेत उभी करण्याचे काम आमचे.