ऑपरेशन होऊन महिना झाला, मग आता ताप कसला?

आज हृदयाबद्दल बोलू. प्रेमाबिमाचं नाही हं, छातीच्या ऑपरेशननंतर होणाऱ्या एका त्रासाबद्दल.

आपल्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम आणि सावंगी अशी दोन मोठी मेडिकल कॉलेजची हॉस्पिटलं आहेत. कुणी ऑपरेशनसाठी नागपूरलाही जातं. पण टाके सुकले की पेशंट घरी येतो, कुणी आष्टीकडे, कुणी समुद्रपूरच्या पुढच्या खेड्यात. तिथे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बारीक ताप येतो, छाती दुखते. घरचे म्हणतात, "व्हायरल असेल." बरेचदा ते खरंही असतं. पण दर वेळी नाही.

हृदयाभोवती एक पातळ पिशवी असते. तिच्यात एरवी १५ ते ५० मिली पाणी असतं, बस्स. ऑपरेशनमध्ये ही पिशवी उघडली किंवा दुखावली, की काही जणांत शरीराची प्रतिकारशक्तीच तिच्यावर उलटते. पिशवीला सूज येते, पाणी साठतं. याचं नाव पोस्टपेरिकार्डिओटॉमी सिंड्रोम. साधारण पहिल्या दीड महिन्यात होतो आणि बहुतेक जण गोळ्यांनी बरे होतात.

धोका पुढे आहे. क्वचित पाणी किंवा रक्त इतकं साठतं, की हृदयाला फुलायला जागाच उरत नाही. आत रक्त भरलंच नाही, तर ते बाहेर काय फेकणार? हा टॅम्पोनाड. सुईने किंवा नळीने वेळेत पाणी काढलं तर माणूस वाचतो. उशीर झाला तर जीव जातो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जास्त लक्ष ठेवा, पण त्या स्वतःच्या मनाने बंद करू नका.

ओळखायचं कसं? आडवं पडल्यावर किंवा दीर्घ श्वास घेताना दुखणं वाढतं, पुढे वाकून बसलं की कमी होतं. असं असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. दम लागतोय, चक्कर येतेय, मानेच्या शिरा फुगल्यात? मग सरळ १०८ ला फोन.

आता आपलं काम. डिस्चार्ज कार्डाचा फोटो फोनमध्ये ठेवा. डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा, "यांच्या छातीचं ऑपरेशन अमुक तारखेला झालंय." आणि विचारा, "इको करायचा का?" सोनोग्राफीसारखीच तपासणी आहे ती, दुखत नाही. ईसीजी ठीक आला तरी पाणी असू शकतं, ते इकोत दिसतं.

आईबाबा स्वतःहून सांगत नाहीत हो. "बरंय" म्हणतात. म्हणून रोज आपणच विचारायचं, "रात्री आडवं पडून झोप लागली का?"