शिडी कोण धरणार?

(घाटकोपर इथं तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी गोदीतला मजूर. शिक्षण दहावी पास. विषय घेतलाय मेडिकल कॉलेजात शिकवणाऱ्या डॉक्टर बायकांचा. काही जण हसले. हसा. पण आपल्या आया बाळंत होतात त्या महापालिकेच्याच हॉस्पिटलात. तिथल्या खुर्चीत कोण बसतं, हे विचारायला डिग्री लागत नाही.

त्या खुर्चीपर्यंत शिडी आहे. सहायक प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक, प्राध्यापक, विभागप्रमुख, अधिष्ठाता. बढतीला नोकरीची वर्षं मोजतात, शोधनिबंध मोजतात. बाईला पोर झालं, त्या धावपळीत निबंध राहिला, की शेजारचा पुरुष एक पायरी वर. कुणी शिवी दिली नाही, कुणी दार लावलं नाही. तरी बाई खालीच.

मग ती वर येते कशी? रखमाबाई बघा. सुतार जातीतली. लहानपणी लावलेलं लग्न तिनं मानलं नाही, कोर्टात लढली. तिला डॉक्टरकीसाठी लंडनला धाडायला पैसा उभा करणाऱ्यांत होत्या कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची. १८९४ ला रखमाबाई डॉक्टर झाल्या. पुढं सुरत आणि राजकोट इथं त्यांनी जन्मभर बायकांवर उपचार केले. १९२८ ला त्याच कामा हॉस्पिटलची सूत्रं बेने इस्रायली समाजातल्या डॉ. जेरुशा झिराड यांच्या हाती आली. वरच्या बाईनं हात दिला तर खालची वर येते, हे खरं.

म्हणजे बाई खुर्चीत बसली की झालं? नाही झालं.

पायल तडवी आठवा. जळगावकडची, तडवी भिल्ल आदिवासी. नायर हॉस्पिटलच्या कॉलेजात स्त्रीरोगशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेत होती. २२ मे २०१९ ला तिनं आयुष्य संपवलं. वय २६. जातीवरून छळ केल्याचा आरोप आहे तो तीन वरिष्ठ डॉक्टरांवर. तिघीही बायकाच. दोष कुणाचा हे कोर्टानं ठरवायचं. पण आपलं नुकसान आजच मोजता येतं. उद्याची प्राध्यापक पहिल्याच पायरीवर गेली. तिची आई आबेदा तडवी रोहित वेमुलाच्या आईबरोबर २०१९ लाच सर्वोच्च न्यायालयात गेली. कॉलेजांतला जातीभेद थांबवा म्हणून आयांना कोर्टाची पायरी चढावी लागते, दोस्तांनो!

आता शिडीचं वरचं टोक. १९९२ च्या मंडल निकालात सर्वोच्च न्यायालयानं वैद्यकातल्या अतिविशेष शाखांच्या पदांना आरक्षण नको असं म्हटलं. २०१३ ला एम्सच्या खटल्यात पाच न्यायमूर्तींनी तोच धागा धरला. खाली छळ, वर 'गुणवत्ता'. मधे लोंबकळते ती आपली पोरगी.

आणि उपनगरातली पोरगी? महापालिकेची जुनी मेडिकल कॉलेजं परळला, सायनला, मुंबई सेंट्रलला. उपनगरात तिचं पहिलं कॉलेज निघालं २०१५ ला, कूपरमध्ये. मुलुंड-बोरिवलीच्या पोरीनं डबा भरून लोकल पकडायची, रात्रपाळी करायची, आणि निबंध लिहायचा कधी?

म्हणून नुसती हळहळ नको. मागा.

पाळणाघर मागा. ५० माणसं कामाला असली की ते द्यायलाच पाहिजे, हे २०१७ ला कायद्यात आलं. रात्रपाळीलाही ते उघडं पाहिजे.

बढतीचा हिशोब करताना बाळंतपणाचा काळ बाईच्या विरोधात धरू नका.

जातीच्या छळाची तक्रार त्याच विभागात नको. बाहेरची समिती पाहिजे, आणि तिच्यात आपली माणसं पाहिजेत.

विभागप्रमुख बायका किती, त्यांत दलित-आदिवासी किती, हे दरसाल फळ्यावर लिहा. आकडा दिसला की लाज वाटते.

गोदीत जहाजाच्या पोटात उतरताना आम्ही शिडी कुणाच्या हातात ठेवत नाही. हात सुटतो. वरती लोखंडाला घट्ट बांधतो, गाठ ओढून बघतो, मगच उतरतो. पीचीबाईंनी हात दिला, त्यांना सलाम. पण तो हात म्हणजे एका भल्या बाईची मर्जी होती. आपल्या पोरींना मर्जी नको, गाठ पाहिजे. ती बांधायला चला.

जयभीम.