परसबागेतील नेचे : लागवड आणि निगा



धानाची रोवणी आटोपली की चार दिवस जरा उसंत मिळते. त्या उसंतीत घरामागच्या सांदवाडीकडे एक नजर टाका. न्हाणीच्या कोपऱ्यात, विहिरीच्या बांधणीत, जुन्या मातीच्या भिंतीला झालरीसारखी नाजूक पाने फुटलेली दिसतील. आपण ती गवत समजून उपटतो. पण ते गवत नाही, तो नेचा. ज्याची दांडी काळीभोर आणि तारेसारखी चकचकीत, तो हंसराज. जुनी माणसे खोकल्यावर वापरीत तोच.

आता तुम्ही म्हणाल, धान सोडून हे शोभेचे काय काढले? पण नेचा आपल्याला नवा नाही. बांधीतल्या पाण्यात चार पाकळ्यांच्या पानांचे जे तण माजते, तेही नेच्याच्याच कुळातले. गुरांना घालतो तो अझोलाही त्याच कुळातला. हंसराजाचे मात्र आता अवघड होत चालले आहे. दगडी विहिरीच्या सांदी सिमेंटने भरल्या, की त्याला धरायला जागा राहत नाही. म्हणून विहीर दुरुस्तीला काढायची असेल तर गिलावा करण्याआधी दोन-चार गड्डे मातीसकट काढून घ्या. पिंपळाचे रोप मात्र खुशाल उपटा, ते बांधणी फोडते. हंसराजाच्या बारीक मुळांनी तसे होत नाही.

लावायचे कुठे? घराच्या उत्तरेला, कवेलूच्या वळचणीपासून थोडे आत, किंवा आंब्याच्या सावलीत. सकाळचे कोवळे ऊन चालते, दुपारचे चालत नाही. नुसती बांधीची चिकण माती घालू नका, मुळे गुदमरतात. दोन वाटे कुजलेला पालापाचोळा, एक वाटा रेती आणि एक वाटा माती घ्या. मूठभर विटांचे तुकडे कुंडीच्या तळाशी टाका. विहिरीतल्या हंसराजाला जुन्या चुन्याच्या गिलाव्याचा थोडा चुरा मानवतो. जिथून नवे कोंब निघतात तो गड्ड्याचा माथा मातीच्या वर राहू द्या. तो पुरला की सडलाच म्हणून समजा. युरियाला हात लावू नका, पाने करपतात. पावसाळ्यात मूठभर कुजलेले शेणखत पुरे.

एक गोष्ट नीट ऐका, कारण मी स्वतः त्यात फसलो आहे. आमच्या घरच्या नेच्याच्या पानांखाली तपकिरी ठिपके दिसले. धानावरचे रोग डोक्यात, म्हणून सगळी पाने कापून जाळली. नंतर कळले, ते त्याचे बियाणे होते! नेच्याला फूल येत नाही, बी धरत नाही. पानाच्या पाठीवर बारीक भुकटी तयार होते, ओल्या जागी पडली की त्यातूनच पुढे रोप होते. हंसराजात ती पानाच्या दुमडलेल्या काठाखाली असते. मग रोग कसा ओळखायचा? ठिपके शिरेच्या दोन्ही बाजूंना सारखे, ओळीने असतील तर निर्धास्त राहा. ते कसेही विखुरलेले असले, नखाने सुटून आले, पान चिकट लागले आणि मुंग्या फिरत असल्या, तर ती खवलेकीड. ओल्या फडक्याने पुसून काढा, फार झाली तर तेवढे पान कापा. धानाचे औषध मारू नका. नेचा कोवळा, किडीआधी तोच जातो.

खरी कसोटी उन्हाळ्यात. नवतप्यात माणसाला पाणी पुरत नाही, तिथे कुंडीला कुठून आणणार? तांदूळ धुतलेले पाणी द्या, साबणाचे देऊ नका. कुंडी रांजणाजवळ ठेवा, भोवती ओले बारदान गुंडाळा. बारदान ओले राहिले की हवेतही गारवा राहतो, आणि नेच्याला मुळाइतकीच हवेतली ओल लागते. मात्र कुंडीत पाणी साचू देऊ नका.

आणखी एक. भिंतीवर, बांधावर पावसाळ्यात उगवणारा हंसराज पाऊस सरल्यावर वाळतो. मेला म्हणून फेकू नका. मुळाशी जीव असतो. सावलीत ठेवून अधूनमधून पाणी शिंपडा, मृगाचा पाऊस पडला की कोंब येतात. त्याची लांब पाने टोकाला माती लागली की तिथेच मूळ धरतात, ते टोक तोडून वेगळे लावा. कोंबड्या कुंडी उकरतात आणि शेळ्या कोंब खुडतात, तेव्हा भोवती काट्यांचे कुंपण हवेच. कोणताही नेचा ओळख पटल्याशिवाय भाजीत किंवा गुरांच्या चाऱ्यात घालू नका.

रोपे शेजाऱ्याकडून घ्या, आपल्या विहिरीतून घ्या. नागझिरा आणि नवेगावचे जंगल 2013 पासून व्याघ्र प्रकल्पात आहे. तिथून रोप उपटून आणणे कायद्याने गुन्हा आहे. शिवाय ओढ्याकाठच्या गारव्यात वाढलेला नेचा सांदवाडीतल्या उन्हात आठ दिवसही तग धरत नाही.