अवजाराची भीती

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



या ठिकाणी आजवर आपण भरतकाम, विणकाम, पापड-लोणची, आजारी माणसाची शुश्रूषा अशा विषयांवर पुष्कळ ऐकले. यंदा मला “तुमच्या सुतारकामाविषयी चार शब्द सांगा” अशी आज्ञा झाली, तेव्हा मागच्या रांगेत हशा पिकला होता, तो मी ऐकला आहे. हसू आले तर अवश्य हसा. परंतु माझी हकीकत सगळीच हसण्यासारखी नाही, म्हणूनच ती सांगावी असे मला वाटते.

आमच्या सासूबाईंचे गुडघे धरले आणि त्यांचे पाटावर बसणे बंद झाले. उभ्याने पूजा होईना, आणि देवघरात खुर्ची मावेना. हातभर उंचीचे, लहानसे पण भक्कम असे स्टूल हवे होते. सुताराला सांगून दोन महिने झाले, पण एका स्टुलासाठी कोण सवड काढणार? त्याच सुमारास वाड्यातील कडुनिंबाची एक जाड फांदी उतरविली होती. ती मी वखारीतून चिरून आणली, मामंजींच्या जुन्या पेटीतील करवत-हातोडी घेतली आणि चार दिवसांत खिळे ठोकून स्टूल उभे केले. आमचे हे म्हणाले, “झकास झाले की!” सासूबाईंनी ते आल्यागेल्याला दाखविले. मला तर आभाळ ठेंगणे झाले.

तीन महिन्यांनी, एकादशीच्या सकाळी पूजा चालू असतानाच स्टुलाचा एक पाय निसटला आणि सासूबाई पडल्या. डावे मनगट मोडले. सहा आठवडे त्यांचा हात गळ्यात होता. घरात मला कोणी टाकून बोलले नाही, पण भेटीला येणाऱ्या बाया “बाईमाणसाने हे नसते उद्योग कशाला करावेत?” असे म्हणत, आणि खरे सांगते, मलाही तेच वाटू लागले. पेटी माळ्यावर गेली. हातोडी दिसली तरी पोटात गोळा येई.

एके दिवशी मी त्यांची वेणी घालीत होते, तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, “अगं, पहिली भाकरी करपली म्हणून तू चूल मोडलीस का? काय चुकलं ते कुणाला तरी विचारून ये.”

आमच्या गल्लीत एक वृद्ध सुतारमामा आहेत. आता डोळ्यांनी कमी दिसते म्हणून काम सोडून बसले आहेत. त्यांच्यापुढे मी ते मोडके स्टूल नेऊन ठेवले. त्यांनी पाय चाचपून पाहिला आणि म्हणाले, “वैनी, तुमचा हात चुकला नाही, समज चुकली. लाकूड ओलं होतं. वाळताना ते आडव्या अंगानं आकसतं, लांबीत मात्र जवळजवळ नाही. आकसलं आणि खिळे सैल झाले. त्यातून खिळा तुम्ही फळीच्या टोकात मारलाय. तिथं लाकडाच्या रेषा सुटतात, म्हणून खिळा धरत नाही.”

मग त्यांनी आपल्या माळवदाचा खांब दाखविला. खांब आणि तुळई यांच्या जोडात एकही खिळा नव्हता. एका लाकडाला भोक पाडावयाचे आणि दुसऱ्याला त्यात घट्ट बसेल अशी जीभ काढावयाची. तिला सुतार कुसू म्हणतात. जोड हा असा. भगिनींनो, ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप आपल्यापैकी अनेकींना आठवत असेल. त्या भागात दगडमातीच्या जाड भिंती ढासळून हजारो माणसे गाडली गेली, पण पुष्कळ घरांत लाकडी खणांचे सांगाडे मात्र उभे राहिले होते. जोड म्हणजे काय, हे मला त्या दिवशी उमगले.

त्यानंतर आठवड्यातून दोन दुपारी मी मामांकडे जाऊ लागले. पहिला धडा मापाचा. सुताराचा इंच आठ सुतांचा असतो. शाळेत अपूर्णांकांनी मला रडविले होते, पण अर्धा इंच म्हणजे चार सूत आणि पाऊण इंच म्हणजे सहा सूत, हे हातात पट्टी येताच एका दिवसात पाठ झाले. प्रत्येक रेघ गुण्या लावूनच मारावयाची. काटकोन एका सुताने चुकला तरी स्टूल डुलते.

दुसरा धडा करवतीचा. मी जोर लावी आणि ती अडे. मामा म्हणत, “तिला ढकलू नका, चालू द्या.” आरंभी ती एकदोनदा उलट ओढून बारीक चर पाडून घ्यावा, मग लांब आणि सावकाश हात चालवावा. रंध्याचेही तसेच. लाकडाच्या रेषेच्या कलाने मारला तर गुळगुळीत साल निघते, उलट मारला तर लाकूड उपसते.

तिसरा धडा मी रक्त देऊन शिकले. डाव्या हाताने लाकूड धरून उजव्या हाताने पटाशी चालवीत होते, ती सटकली आणि डाव्या अंगठ्याखाली घुसली. दोन टाके पडले. रात्री मी विचार केला, की लहानपणापासून आपण विळीवर चिरतो आणि पात्याला भीत नाही. मग येथे का कापले? विळीचे पाते जागेवर असते आणि हात त्याच्याकडे जातो. पटाशीचे उलट. तेथे पाते चालते, म्हणून पात्याच्या वाटेत हात असताच कामा नये. लाकूड शिकंजात आवळावे आणि दोन्ही हात धारेच्या मागे ठेवावेत. हे कळल्यापासून मला पटाशीची भीती वाटली नाही. आणखी एक गोष्ट: बोथट पटाशी धारेच्या पटाशीपेक्षा वाईट, कारण तिला जास्त जोर लावावा लागतो आणि जोराबरोबर ती सटकते.

दुसऱ्या स्टुलासाठी पाडलेल्या वाड्याच्या चौकटीचे जुने सागवान घेतले. ते वर्षानुवर्षे वाळलेले असते. मात्र त्यात जुने खिळे लपलेले असतात, ते आधी शोधून उपटावेत, नाहीतर करवतीचे दात जातात. पाय दीड इंच जाडीचे ठेवले. जीभ लाकडाच्या जाडीच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याची असावी, म्हणून ती चार सुतांची धरली. चार पायांना वर चार आणि खाली चार पट्ट्या, म्हणजे सोळा जोड. रोज दुपारी एक, कधी दोन. त्यातले तीन बिघडले ते परत केले. पूर्वी सरस तापवून लावीत, आता फेव्हिकॉलची सोय आहे, पण मामांनी बजावले होते, “जोड आधी कोरडा बसला पाहिजे. फेव्हिकॉलनं वाईट जोड चांगला होत नाही.”

स्टूल झाले, तरी मी ते देवघरात नेईना. आधी मी बसले. मग मुलाला त्यावर उभे केले. मग पाण्याने भरलेला हंडा आठ दिवस त्यावर ठेवला. नवव्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, “आता त्या हंड्याला उठव आणि मला बसू दे.” त्या बसल्या, एकदा पुढे झुकल्या, एकदा मागे रेलल्या, आणि “पाणी दे गं पूजेचं” एवढेच म्हणाल्या. त्या स्टुलावर त्या आजही पूजेला बसतात.

भगिनींनो, धीट बाई म्हणून माझी पाठ थोपटू नका. पहिले स्टूल मी धिटाईनेच केले होते. भीती गेली ती लाकूड कुठे आकसते आणि पटाशी कुठे सटकते, हे समजल्यावर. हे समजणे पुरुषांच्याच वाट्याचे आहे असे नाही. भूकंपानंतर लातूर-धाराशिवकडच्या काही स्त्रिया गवंडीकाम शिकल्या. पुणे जिल्ह्यात पाबळ येथे डॉ. कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला, तेथे मुलामुलींना हातात अवजारे देऊन शिकविण्याची रीत घातली.

सुतारकाम हाच ज्या घरांचा धंदा आहे, त्या घरांतील लेकीसुनांसाठी एक माहिती सांगते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने विश्वकर्मा योजना सुरू केली. तिच्या अठरा व्यवसायांत सुतारकाम आहे. पाच ते सात दिवसांचे प्राथमिक शिक्षण, त्या काळात रोज ५०० रुपये आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, अशी तिची आखणी आहे. एका घरातून एकालाच लाभ मिळतो, पण ते एक माणूस बाई असू शकते.

शेवटी एक विनंती. मंडळाच्या कपाटात शिवणाचे यंत्र आहे, तशी एक अवजारांची पेटी ठेवावी: एक करवत, एक रंधा, दोन पटाश्या, गुण्या, हातोडी आणि दोन शिकंजे. मोडके पाट, हलणारी स्टुले प्रत्येकीच्या घरी आहेत. ती घेऊन या, मला येते तेवढे मी दाखवीन. सुतारमामांनीही येऊन बसण्याचे कबूल केले आहे. फक्त पहिल्या दिवशी कोणी खिळे आणू नयेत.